आतून उघडणारी कडी

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं
मिटत नसत.
चहाचा कप धरला की ती वेगळी उभी राहायची,
पाहुण्यांना वाटायचं, केवढा हा नखरा
सस्काचेवानच्या गव्हात वाढलेल्या
दमियान पासिचनिकचा!

आम्ही त्यांना तातो म्हणायचो.
यॉर्कशायरचं ते विमानतळ त्यांनी आम्हाला कधी दाखवलं नाही.
जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी,
बरंचसं आईकडून.
चार इंजिनांचं विमान, सात जण,
तातो फ्लाइट इंजिनीअर, वय बावीस.
दर वीस मिनिटांनी टाक्यांची वजाबाकी करायची,
पेन्सिल दोन्ही टोकांना तासलेली,
कारण त्या थंडीत टोक मोडलं
तर हातमोजा काढावा लागे,
आणि हातमोजा काढणं म्हणजे
बोटांची कातडी धातूला देऊन येणं.

शेपटीत, काचेच्या पिंजऱ्यात, लायनल ट्रेंबाथ.
एकोणीस वर्षांचा, कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणीवरचा.
जमिनीखाली मरायचं नाही म्हणून वर आलो, म्हणायचा.

त्या पहाटे हिशेब बरोबर आला होता.
नव्वद गॅलन शिल्लक.
हा आकडा तातो शेवटपर्यंत सांगत,
जणू कुणीतरी अजून विचारतंय.
चाक एकच उतरलं.
विमान घसरत गेलं, कंबरेत वाकलं,
आणि शेपटीचं दार चौकटीत रुतलं.
पलीकडून लायनल ढकलत होता,
अलीकडून तातो ओढत होते.
कडी तापली होती.

याच्या पुढचं आईलाही ठाऊक नव्हतं.

मग टोरांटोतलं कॉलेज, सरकारी फी,
रात्री डाव्या हाताने आकृत्या काढायचा सराव,
एक कारखाना, तो बंद पडला,
आणि आम्ही टेक्सासच्या उकाड्यात.
शाळेत मी सांगायचे, माझे वडील रॉकेट बनवतात.
थाप होती.
ते कड्या बनवायचे.
बिजागऱ्या, खटके, अडसर. दारं.

आमच्या न्हाणीघराला कडी नव्हती.
आत कुणी आहे हे कळावं म्हणून
आम्ही तिघी बहिणी गात अंघोळ करायचो,
आई तर भसाड्या आवाजात.

एका बैठकीत साहेब म्हणाले,
पासिचनिक, ही कडी एकशे चाळीस ग्रॅम जड आहे.
तातो वाद घालणाऱ्यातले नव्हते.
त्यांनी हवा भरलेला जाडजूड हातमोजा
साहेबांच्या हातात चढवला,
जुन्या कडीचा नमुना समोर ठेवला
आणि दिवा मालवला.
उघडा.
अंधारात खुडबुड. एक शिवी. पुन्हा खुडबुड.
मग आपली कडी पुढे घेऊन
तातोंनी ती दोन ताठ बोटं नुसती टेकवली.
टक्.
हवा भरलेल्या मोज्यात बोटं मिटत नाहीत, ते म्हणाले,
मला सवय आहे.

यानं गेली, यानं आली.
दारं उघडली. कुणाच्या लक्षात राहिलं नाही.
उघडणारं दार कुणाच्या लक्षात राहतं?

ते गेल्यावर मी सस्काचेवानला गेले.
शेत विकलं होतं, खुराडं तेवढं उभं, एका अंगाला कललेलं.
त्याच्या दाराला आजोबांनी केलेली लाकडी कडी,
चामड्याची पट्टी लावलेली.
दोन्ही हातांत अंडी असली
तरी आतून कोपराने ढकलता यावी अशी.
हिची रेघ न् रेघ मी पाहिली होती,
तातोंच्या टेबलावर, निळ्या कागदात,
खाली तपासणाऱ्यांच्या चार सह्या.

आत गेले. दार लावून घेतलं.
कोंबड्या कधीच्याच नव्हत्या,
जुन्या पेंढ्याचा वास, फटींतून वारा.
कोपराने ढकललं. उघडलं.
पुन्हा लावलं.
नव्वद गॅलन, मी मोठ्याने म्हणाले,
आणि पुन्हा ढकललं.